वाटणीत राहिलेली तार

त्या घराची वाटणी झाली तेव्हा दोघी जावांनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. खोल्या वाटल्या, भांडी वाटली, दाराच्या कड्या वाटल्या. गच्चीवर जाणारा जिना उभा चिरता येईना, म्हणून एक पायरी तुझी, एक माझी असा तोडगा निघाला. पण मग दोघींनाही जन्मभर ढांगा टाकत वर जावं लागेल हे ध्यानात आलं, आणि जिनाच पाडून टाकला. त्या दिवसापासून गच्चीवर फक्त कावळे जातात. स्वयंपाकघराची खिडकी दोन झडपांची. मधोमध भिंत आल्यावर एक झडप इकडे, एक तिकडे. इकडची उघडली तर तिकडचीला वारा फुकट मिळेल, म्हणून इकडची खिळे ठोकून बंद केली. तिकडची अर्थात त्याआधीच बंद झाली होती.

भिंत बांधणारा गवंडी सांगायचा, की विटेवर वीट चढत होती तसतशा त्या दोघी दोन्ही बाजूंनी टाचा उंचावून भांडत होत्या. शेवटी शेवटी तर स्टुलावर चढल्या. अखेरची वीट बसली तेव्हा एक शिवी अर्ध्या वाटेत होती, ती भिंतीतच चिणली गेली. ती कोणाची होती यावर दोन घरांत अजून एकमत नाही. गवंडी तसा खरं बोलणारा माणूस होता.

एवढं सगळं वाटलं, पण एक वस्तू कोणाच्याच ध्यानात आली नाही. टेलिफोनची तार.

म्हणजे फोन वाटला होता. पुढच्या खोलीतला टेलिफोन धाकटीच्या वाट्याला गेला, कारण पुढची खोली धाकटीच्या वाट्याला गेली. पण सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांच्या उशाशी, मागच्या खोलीत, त्याच तारेवर एक जोडफोन बसवलेला होता. काळा, तबकडीचा, उचलताना मनगट दुखेल एवढा जड. सासरे गेले. मागची खोली थोरलीला मिळाली. फोन गाद्यांच्या ढिगाखाली गेला आणि त्याची तार जिथे होती तिथेच राहिली. गवंड्याने तिच्यावर भिंत चढवली, गिलावा केला, चुना फासला. इकडची थोरली आणि तिकडची धाकटी एका तांब्याच्या तारेने बांधलेल्या राहिल्या, आणि दोघींपैकी एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

थोरलीला तो लागला गाद्यांना ऊन द्यायच्या दिवशी. फोन खाली निघाला, म्हणून तिने धूळ झटकायला उचलला, तर आतून धाकटीचा आवाज आला.

"...आणि तुझ्या आईला काय धाड भरलीय! परवा दूधवाल्याला असं झापलं, की त्याचं दूध तिथल्या तिथे नासलं."

आणि मग कोणीतरी हसलं.

थोरली मटकन ट्रंकेवर बसली. ते हसणं तिच्या लेकीचं होतं.

लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणत, आणि नाव उगाच पडलेलं नव्हतं. वाटणीच्या आधीची गोष्ट. ठिणगीने दूरच्या शहरात नोकरी धरली, आईला न विचारता. निघताना थोरली उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "जातेस तर जा. पण पुन्हा तुझा आवाज या कानांना ऐकवू नकोस." ठिणगी पिशवी खांद्यावर टाकत म्हणाली होती, "नाही ऐकवणार." आणि खरंच नाही ऐकवला. आई हट्टी म्हणावी तर मुलगी तिच्या वर चढलेली. फोन करायची तो काकूला, दर सुट्टीच्या दिवशी दुपारी. थोरलीला एवढं ऐकून माहीत होतं आणि त्याबद्दल तिने एकदाही चौकशी केली नव्हती.

त्या दुपारी मात्र ती ट्रंकेवरून उठली ती फोन बंद झाल्यावरच.

मग तिने पद्धतशीर तयारी केली. फोनच्या तोंडाची झाकणी फिरवून काढली आणि आत कापूस ठासला, म्हणजे श्वास पलीकडे जायला नको. खालचा पत्रा उघडून घंटीच्या टोल्याला चिंधी गुंडाळली, म्हणजे फोन वाजला तरी खोकलेल्या मांजरापेक्षा मोठा आवाज नको. नवऱ्याला सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत पडणार. कोणी यायचं नाही."

"हं," नवरा म्हणाला. थोरला सगळ्यालाच "हं" म्हणायचा. भावाशी त्याचं काही भांडण नव्हतं. दोघे भाऊ गुपचूप न्हाव्याच्या दुकानात भेटायचे. त्यामुळे गावात त्या दोघांइतकी तुळतुळीत दाढी कोणाचीच नसायची.

अशी वर्षं गेली. थोरली ऐकत राहिली. ठिणगीला खोकला झाला. ठिणगीची घरमालकीण खाष्ट निघाली. ठिणगीने केस कापले. नव्या बुटांनी टाचा सोलल्या. प्रत्येक गोष्टीवर थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार असायचं, पण बोललं तर फोन हातचा जाणार. म्हणून ती उत्तरं गिळायची. गिळून गिळून तिचं वजन वाढलं असं शेजारी म्हणायचे, आणि मला त्यात खोटं काही वाटत नाही.

सगळ्यात कठीण घास एकच होता. ठिणगी अधूनमधून विचारायची, "आई माझं नाव काढते का गं काकू?"

"छे," धाकटी म्हणायची. "कधी म्हणजे कधी नाही."

आणि ते खरं होतं. त्यामुळे मनातल्या मनातसुद्धा भांडता यायचं नाही.

मग एका दुपारी ठिणगी म्हणाली, "काकू, तू इंटरनेट घे. त्याच लाइनवर देतात. मग तू मला बघशील, मी तुला बघीन. हा खरखरणारा डबा कशाला हवा?"

थोरलीने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. डबा नको म्हणजे फोन नको, आणि फोन नको म्हणजे तिच्या कानात लेक नको.

पण धाकटीला कुठे दम निघतोय! आठवडा उलटायच्या आत लाइनमन आला. उंच, मिशीला तेल लावलेला, कमरेला पक्कड. "मी लाइनचा डॉक्टर आहे," हे त्याने दारातच सांगून टाकलं. त्याने धाकटीच्या फोनशेजारी मॉडेम ठेवला, फोनला एक एवढीशी डबी जोडली, दिवे लुकलुकले, चहा प्यायला आणि गेला.

पहिल्या सुट्टीला धाकटी कानांत इअरफोनची बोंडं खुपसून, पुढ्यात टॅब्लेट उभा करून बसली. ठिणगीला ऐकू येतंय की नाही याची खात्री नसल्यामुळे ती बाजारात ओरडावं तशी ओरडत होती. भिंतीपलीकडे थोरलीला निम्मंच ऐकू येत होतं, तेही नको असलेलं निम्मं.

"अगंबाई, दिसतेस की! केवढी वाळलीस! वळ जरा, वळ... हो, केस वाढलेत!"

ठिणगीचा आवाज मात्र भिंतीतून एक अक्षर येईना. थोरलीने सवयीने काळा फोन उचलला. कानात नुसता फुत्कार, जणू साप उकळतं पाणी पीत होता. आणि त्याच क्षणी पलीकडून धाकटी किंचाळली,

"अगं? थिजलीस का? हॅलो? तोंड उघडं ठेवून थिजलीस की गं!"

थोरलीने फोन ठेवला. जरा वेळाने धाकटी म्हणाली, "हां, आलीस!"

थोरलीने फोन उचलला.

"गेलीस!"

ठेवला. "आलीस!" उचलला. "मेलं हे इंटरनेट!"

थोरली गालातल्या गालात हसली. वाटणीनंतर प्रथमच. शेवटी ठिणगीच कंटाळली आणि साधा फोन लावला. चिंधीतली घंटी थब्ब थब्ब करू लागली. पलीकडे धाकटीने फोन उचलल्याचा आवाज आला, तसा थोरलीनेही अलगद उचलला. लेकीचा आवाज पुन्हा कानात आला, घरच्या मांजरासारखा.

त्यानंतर दर सुट्टीला हाच खेळ. ठिणगी पडद्यावर आली की थोरली फोन उचलायची, ठिणगी गोठायची, धाकटी कंपनीच्या आईबापाचा उद्धार करायची, आणि मग फोन यायचा. इतर दिवशी नेट घोड्यासारखं धावायचं.

धाकटीने तक्रारीच्या नंबरला फोन केला. थोरली अर्थात लाइनवर होतीच.

"बाई, मॉडेम बंद करा, थोडं थांबा, मग चालू करा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तेच करत्येय मी. माझं बोट झिजलं. उद्या अंगठा उमटवायला उरायचा नाही."

"आत्ता कोणता दिवा लागलाय?"

"लाल."

लाल लागणारच. थोरली ऐकत होती ना.

"तुमच्या घरात याच लाइनवर दुसरा फोन आहे का? एखादा जुना, विसरून गेलेला? त्याला फिल्टर नसेल, म्हणजे ती छोटी डबी, तर फोन उचलला की नेट जातं."

थोरलीने श्वास रोखला. कापूस होता तरी रोखला.

"सासऱ्यांचा होता एक. तो भिंतीपलीकडे गेला. तिथे माणसंच धड नाहीत, फोन कुठला धड असायला!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाशी आलेलं उत्तर एवढं मोठं होतं, की ते आवरायला तिने पांघरुणाचं टोक दातांत धरलं. त्या टोकाला भोक पडलं.

लाइनमन पुन्हा आला. खांबावर चढला, जोड बदलला. म्हणाला, खारीने कुरतडलंय. नेट सुरू. तो गेला, सुट्टी आली, नेट बंद. परत आला, खांबापासून घरापर्यंतची तार बदलली. म्हणाला, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचा दोष. मग मॉडेम बदलला. मग म्हणाला, बाई, तुमचा आवाजच एवढा आहे की मशीन घाबरतं.

"माझ्या आवाजावर जाऊ नकोस हां," धाकटी म्हणाली. "तू असलास की चालतं, तू गेलास की बंद. मग काय तुला घरात पाळू? खायला घालू, खुंटीला बांधू?"

"आजार डॉक्टरसमोर दबून असतो, बाई."

"मग डॉक्टरा, सुट्टीच्या दिवशी दुपारी ये, ऐन वेळेला. आणि दुरुस्त झाल्याशिवाय चहाचं नाव काढायचं नाही."

हे सगळं थोरलीने भिंतीला कान लावून ऐकलं. तिने ठरवलं, त्या दिवशी फोनला हातच लावायचा नाही. एक दिवस लेकीचा आवाज नाही मिळाला तर नाही. डॉक्टर हात हलवत जाऊ दे, म्हणजे धाकटी इंटरनेटच काढून टाकेल.

ती सुट्टी उजाडली. थोरली मागच्या खोलीत ट्रंकेवर बसली, हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे हातांना मोह नको. पलीकडे लाइनमनची खुडबूड चालली होती. आज त्याला चहा नसल्यामुळे तो चिडला होता.

"हे बघा बाई, सगळं काढलं. फोन काढला, मॉडेम काढला. दोन्ही टेबलावर ठेवले. आता या लाइनवर काहीसुद्धा जोडलेलं नाही. आता मी मोबाइलवरून तुमचा नंबर लावतो. एंगेज आला तर एक्स्चेंजमध्ये घोटाळा. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

थोरलीला पुढचं कळायला उशीर झाला. कळलं तेव्हा तिच्या पुढ्यातला काळा फोन थब्ब थब्ब करू लागला होता.

तिने त्याच्यावर पांघरूण टाकलं. थब्ब थब्ब. उशी टाकली. थब्ब थब्ब. शेवटी स्वतःच त्याच्यावर आडवी झाली, तर तो पोटाखाली थडथडू लागला आणि ट्रंकही त्याला साथ देऊ लागली.

"हे काय वाजतंय?" पलीकडे धाकटी म्हणाली.

"भिंतीत आहे काहीतरी."

"उंदीर असेल."

"उंदीर असा तालात नाचत नाही, बाई. थांबा." त्याने मोबाइल बंद केला. थडथड थांबली. पुन्हा लावला. पुन्हा सुरू. "पलीकडे फोन आहे!"

मग एवढी शांतता पसरली की गच्चीवरच्या कावळ्यांनी खाली वाकून बघितलं.

"थोरल्या बाई!" भिंतीतून हाक आली. वाटणीनंतरची पहिली.

थोरली उठून बसली. केस सारखे केले. जणू धाकटी भिंतीतून बघतच होती. "काय आहे? कोणी मेलं का, भिंतीला तोंड लावून ओरडायला?"

"सासऱ्यांचा फोन तुमच्याकडे आहे."

"आहे. खोली माझी, खोलीतलं सगळं माझं."

"पण तार माझी!"

"ती भिंतीत आहे. निम्मी भिंत माझी."

"किती दिवस चोरून ऐकताय?"

"ऐकण्यासारखं तू बोलतेस तरी काय गं? तीच तीच रडगाणी. गुडघा, पाठ, आणि माझी निंदा."

बोलून गेल्यावर थोरलीने जीभ चावली. पण भिंतीपलीकडे गेलेला शब्द परत कसा येणार?

"म्हणजे ऐकता!" धाकटीचा आवाज चिरकला. "आणि नेट तुम्हीच पाडता! माझ्या पोरीशी दोन शब्द बोलू देत नाही!"

"तुझी पोरगी? पोरगी माझी आहे!"

"तुमची? हाकललीत तेव्हा कोणाची होती? तिला रोज उठून कोण विचारतं, जेवलीस का म्हणून? मी विचारते! तुम्हाला तिचं नाव घ्यायला जीभ झडते!" मग तिने डॉक्टरला फर्मावलं, "काप रे ती तार. भिंतीत जाते तिथेच काप."

"कापायला कशाला हवी, बाई? पलीकडच्या फोनला फिल्टर लावू. एवढीशी डबी. मग त्यांचा फोन पण चालेल आणि तुमचं नेट पण..."

"मला त्यांचा फोन चालायला नकोच आहे! काप म्हटलं ना!"

गिलावा खरवडल्याचा आवाज येऊ लागला. थोरलीच्या बाजूला भिंतीवरून चुन्याचे पापुद्रे गळाले. ती उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. "नको." पण दुसऱ्यापुढे हात पसरणं तिला ठाऊक नव्हतं; आईबापाकडे मागितलं नव्हतं, नवऱ्याकडे मागितलं नव्हतं, आणि आता धाकटीकडे मागणार? तिने चुना गळत होता तिथे तळहात टेकवला.

"सापडली," लाइनमन म्हणाला. "तार हातात आलीय."

आणि काळा फोन थब्ब थब्ब वाजू लागला.

"आता कशाला लावलास रे नंबर?" धाकटी ओरडली.

"मी नाही लावला, बाई. मोबाइल तर खिशात आहे."

तिघांनाही एकदमच उमगलं. सुट्टी. दुपार. मॉडेम टेबलावर पडलेला, धाकटीचा फोनही टेबलावर पडलेला. ठिणगी पडद्यावर लागली नव्हती, म्हणून तिने साधा फोन केला होता, आणि तो साऱ्या घरात एकाच ठिकाणी वाजत होता.

"उचलू नका!" धाकटी भिंतीवर मुठी आपटत होती. "माझा फोन आहे तो! अरे डॉक्टर, माझा जोड आधी!"

"आधी कापू की जोडू? हात दोनच आहेत!"

थोरलीने फोन उचलला.

"हॅलो, काकू? आज पण नेट गेलं का?" ठिणगी म्हणाली. "हॅलो? काकू? ऐकू येत नाही. हॅलो... बरं, ठेवते."

"थांब!" थोरली म्हणाली. पण तोंडात कापूस होता, फोनच्या. तिने झाकणी फिरवली, ती फिरेना. दाताने धरून फिरवली, तशी निघाली. बोटाने कापूस उपसला. एवढा निघाला की एक लहान उशी भरली असती.

"काकू?"

"काकू नाही. मी."

खरखरसुद्धा थांबली.

"केस कापलेस ते वाईट दिसले असणार," थोरली म्हणाली. तिने असं काही म्हणायचं ठरवलं नव्हतं. पण पोटात साठलेल्यातलं सगळ्यात वरचं आधी बाहेर आलं आणि मग बांध फुटला. "तुझा चेहरा रुंद आहे, माझ्यासारखा. घरमालकिणीला तू उगाच सॉरी म्हणालीस, पाणी तिनेच तोडलं होतं. बूट एक नंबर मोठे घ्यायचे असतात, लहानपणापासून सांगतेय. आणि ताप आला तेव्हा काकूने जाड पांघरूण घे म्हणून सांगितलं, चूक सांगितलं. कपाळावर ओलं फडकं ठेवायचं. आणि तुझ्या ऑफिसातली ती गोड बोलणारी आहे ना, ती तुझं काम आपल्या नावावर खपवते, तुला कळत कसं नाही?"

"आई," ठिणगी म्हणाली. आवाज बारीक होता, पण तो लगेच तापला. "तू चोरून ऐकत होतीस?"

"चोरून काय? माझ्या घरात, माझ्या ट्रंकेवर बसून ऐकते."

"तूच म्हणाली होतीस ना, आवाज ऐकवू नकोस?"

"ऐकवू नकोस म्हटलं होतं. मी ऐकणार नाही, असं कुठे म्हटलं होतं?"

"मी तापाने फणफणले होते. तेव्हा ऐकत होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस!"

"तोंडात कापूस होता."

"काय?"

"फोनच्या."

कानात खट्ट झालं. धाकटीचा फोन जोडला गेला होता.

"ठिणगे, हिचं काही ऐकू नकोस! पांघरूण बरोबरच सांगितलं होतं मी. घाम यायला हवा होता. आणि ही तुझी आई म्हणजे घरफोडी आहे, घरफोडी! मी आत्ता तार कापतेय!"

"काप. पण तिचा ताप पांघरुणाने उतरला नव्हता, गोळीने उतरला होता."

"गोळी कोणी सांगितली? मी!"

"चौथ्या वाक्यात. आधी तीन वाक्यं माझी निंदा केलीस, मग गोळी."

"गप्प बसा!" ठिणगी ओरडली. एवढ्या लांबून, एवढ्याशा तारेतून ते आलं, तरी धाकटीच्या कपाटातले कप हलले, असं लाइनमन पुढे सगळ्यांना सांगायचा. "काकू, तार कापलीस तर तुलाही फोन नाही. ना फोन, ना पडद्यावर. आणि आई, पुन्हा नेट पाडलंस तर तुलाही नाही. कळलं दोघींना?"

दोघी दोन्ही बाजूंनी भिंतीकडे डोळे वटारून बघत राहिल्या.

"कळलं का?"

"ओरडू नकोस, घसा बसेल," थोरली म्हणाली.

ठिणगीने फोन आपटला. आपटायची पद्धत हुबेहूब आईची होती.

लाइनमनला फिल्टर लावायला थोरलीच्या घरात यावं लागलं. दार थोरल्याने उघडलं. मागच्या खोलीत फोन, कापसाचा ढीग आणि लाल डोळ्यांची बायको बघून तो म्हणाला, "मला वाटत होतं तू इथे झोपतेस."

"हं," थोरली म्हणाली.

"मावशी, फोन इकडे..." लाइनमन आत शिरला.

"मावशी कोणाची रे? पाय पूस आधी."

त्याने पाय पुसले, फोनच्या वायरीला डबी जोडली. घंटीवरची चिंधी बघून म्हणाला, "हे पण काढतो."

"हात लावू नकोस." चिंधी तिने स्वतः सोडली.

"अरे डॉक्टर!" भिंतीतून धाकटी ओरडली. "चांगला जाडजूड फिल्टर लाव. तिकडचं विष गाळून येऊ दे."

"तसला अजून निघाला नाही, बाई."

चहा त्याला दोन्ही घरांत मिळाला नाही.

पुढच्या सुट्टीला थोरली ट्रंकेवर बसली होती. पलीकडे धाकटी पडद्याशी बोलत होती, आणि आज ठिणगी थिजत नव्हती. "हो गं... नाही गं... दाखव बघू!" थोरलीला निम्मंच ऐकू येत होतं. हात मांड्यांखालीच होते. बराच वेळ गेला. मग पलीकडचं बोलणं थांबलं, आणि फोन काही वाजेना. थोरलीने भिंतीकडे बघितलं, काळ्या फोनकडे बघितलं. नेट पाडलं नाही तर पोरगी फोन करणार, पोरगी तिचीच, शब्द फिरवायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं. शिकवलं तर तिनेच होतं.

आणि घंटी वाजली. इतकी वर्षं चिंधीत कोंडलेली ती घंटी अशी काही खणखणली, की थोरला न्हाव्याच्या खुर्चीत दचकला आणि निम्मी मिशी गमावून बसला.

दोन्ही घरांत फोन एकदम उचलले गेले.

"आई?" ठिणगीने विचारलं.

"आहे."

"काकू?"

"आहे की. पण ही बघ, आधी उचलते. निर्लज्ज!"

"मी आधी नाही उचलला. तुझाच हात जड."

ठिणगीने तिकडे चहाचा घोट घेतला, तो फुर्रकन दोघींच्या कानांत वाजला.

"साखर कमी घाल!" दोघी एकदम म्हणाल्या.

आणि एकदम बोललो, एकच बोललो, याचा दोघींना असा संताप आला, की त्यांनी एकमेकींना जे सुनावलं ते भिंतीतून, तारेतून, खांबावरून गेलं, आणि तारेवर ओळीने बसलेल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. त्या अजून परत आलेल्या नाहीत. ठिणगी मात्र फोन कानाला लावून बसली होती, आणि चहा संपेपर्यंत तिने तो ठेवला नाही.